उरलेले तीन कोटी

पुण्यात भाड्याचं घर अकरा महिन्यांच्या करारावर मिळतं. असा भाडेकरू भिंतीला खिळा ठोकत नाही, रंग बदलत नाही, झाडं लावलीच तर कुंडीत लावतो. डिसेंबर २०१५ मध्ये पुण्याला आयपीएलचा जो संघ मिळाला, त्याचा करार दोन वर्षांचा होता आणि ही मुदत मालकापासून प्रेक्षकांपर्यंत सगळ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होती. रायझिंग पुणे सुपरजायंट्स तीस सामने खेळला. पंधरा जिंकला, पंधरा हरला. आकडा इतका समतोल की संघ अगदी मधलाच असावा असं वाटतं. प्रत्यक्षात एका वर्षी तो आठांत सातवा आला आणि दुसऱ्या वर्षी एका धावेनं विजेतेपदाला मुकला. मधल्या काळात जे बदललं त्याचा हिशेब रुपयांत मांडता येतो, आणि तो हिशेब मोठा गमतीचा आहे.

आधी हा संघ जन्माला कसा आला ते. सट्टेबाजी प्रकरणात लोढा समितीनं जुलै २०१५ मध्ये चेन्नई आणि राजस्थान या दोन संघांच्या मालक कंपन्यांना दोन वर्षांसाठी बाहेर काढलं. आठाचे सहा संघ झाले तर सामने घटणार, म्हणजे दूरचित्रवाणीचे पैसेही घटणार. म्हणून दोन तात्पुरते संघ आणायचं ठरलं आणि त्यासाठी उलटा लिलाव झाला. आयपीएलच्या सामायिक उत्पन्नातला वाटा या संघांना मिळणार नव्हता; त्याऐवजी क्रिकेट बोर्ड त्यांना वर्षाला जास्तीत जास्त ४० कोटी देणार होतं. जो सर्वांत कमी मागेल त्याला संघ. म्हणजे घरमालक म्हणतोय, राहायला या, वर मीच तुम्हाला पैसे देतो, फक्त कमीत कमी किती घ्याल ते सांगा. बोली ४० वरून खाली येत येत शून्यावर आली आणि तिथंही थांबली नाही. राजकोट, म्हणजे पुढचा गुजरातचा संघ, उणे १० कोटींना गेलं. संजीव गोएंका यांच्या कंपनीनं पुणे उणे १६ कोटींना घेतलं, म्हणजे बोर्डाकडून काही न घेता वर्षाला १६ कोटी स्वतःच भरायचे. ज्याला उद्या नाही असा संघ चालवण्यासाठी!

पुण्याला याआधीचा अनुभवही फार उत्साहाचा नव्हता. सहारानं २०१० मध्ये ३७ कोटी डॉलरना घेतलेला पुणे वॉरियर्स तीन हंगाम खेळला. नववा, नववा आणि आठवा, अशी त्याची प्रगती. ख्रिस गेलच्या नाबाद १७५ धावा ज्यांच्या गोलंदाजीवर झाल्या तो हाच संघ. त्याबद्दल याहून जास्त लिहिण्यासारखं फारसं नाही.

नव्या संघांनी चेन्नई-राजस्थानच्या खेळाडूंमधून प्रत्येकी पाच जण आळीपाळीनं निवडले. पहिली पाळी पुण्याची होती. धोनी, रहाणे, अश्विन, स्टीव्ह स्मिथ, फाफ डू प्लेसी. किमती ठरलेल्या होत्या: साडेबारा, साडेनऊ, साडेसात, साडेपाच आणि चार कोटी, एकूण ३९. खर्चाची कमाल मर्यादा ६६ कोटींची, म्हणजे लिलावासाठी हातात २७ कोटी. पाच उत्तम खेळाडू आधीच घरात आहेत, खिशात २७ कोटी आहेत; यातून वाईट संघ बनवायचा तर खरं म्हणजे कष्टच घ्यावे लागतात.

ते घेतले गेले. मिचेल मार्शला ४.८ कोटी, ईशांत शर्माला ३.८, केविन पीटरसनला ३.५, इरफान पठाणला १. दहा लाख पायाभूत किमतीच्या मुरुगन अश्विनसाठी तर साडेचार कोटी मोजले गेले. आता परदेशी खेळाडूंचं गणित पाहा. अकरांत चारच परदेशी खेळवता येतात. पुण्यानं ते चारही जवळजवळ एकाच कामाला लावले होते: डू प्लेसी, पीटरसन, स्मिथ, मार्श. वरची फळी परदेशी, आणि तिच्यामागे भारतीय फलंदाजी म्हणजे रहाणे आणि धोनी. अशा रचनेत एक दुखापत चालून जाते, दोन महाग पडतात. पुण्याला चार झाल्या. पीटरसनची पोटरी, डू प्लेसीचं बोट, मार्शचा बरगडीजवळचा स्नायू, स्मिथचं मनगट. एप्रिल संपता संपता चौघेही घरच्या वाटेला लागले. बदली म्हणून उस्मान ख्वाजा आणि जॉर्ज बेली आले, पण तोवर घडी विस्कटून गेली होती. पहिल्या सामन्यात वानखेडेवर मुंबईला नऊ गड्यांनी हरवून सुरुवात केलेला संघ त्यानंतर लागोपाठ हरत गेला.

घर होतं, तेही गेलं. राज्यात दुष्काळ होता. मैदानांवर मारल्या जाणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयात पोहोचला आणि ३० एप्रिलनंतरचे सामने महाराष्ट्राबाहेर हलवण्याचा आदेश आला. एक सामना तेवढा अपवाद म्हणून १ मे रोजी गहुंज्यात, पुण्याच्या घरच्या मैदानावर, झाला. पुण्याचा संघ विशाखापट्टणमला यजमान म्हणून उभा राहिला. जाण्याआधी गहुंज्याच्या मैदानावर तो चार सामने खेळला आणि चारही हरला. त्यातल्या एकात स्मिथनं गुजरातविरुद्ध ५४ चेंडूंत १०१ केल्या, धावफलकावर १९५ लागल्या, तरी शेवटच्या चेंडूवर सामना गेला. शहराला आपल्या संघाचा एकही विजय स्वतःच्या मैदानावर पाहायला मिळाला नाही आणि संघ आंध्रात निघून गेला. जिव्हाळा जडायचा तरी कुठून?

त्या वर्षीच्या दोन कामगिऱ्या मात्र विसरता येत नाहीत, आणि दोन्ही विशाखापट्टणमच्याच. १० मे रोजी ॲडम झाम्पानं हैदराबादविरुद्ध १९ धावांत ६ बळी घेतले. आयपीएलमध्ये तोवर याहून सरस आकडे फक्त सोहेल तन्वीरचे होते, २००८ मधले १४ धावांत ६. हैदराबादला १३७ वर रोखलं, आणि पुणं १३३ वर अडलं. चार धावांनी हार. दुसरी धोनीची, २१ मे ची. पंजाबविरुद्ध शेवटच्या षटकात २३ हव्या होत्या, गोलंदाज अक्षर पटेल. पहिला चेंडू निर्धाव, मग एक वाइड, षटकार, पुन्हा निर्धाव. तीन चेंडूंत १६. चौकार, षटकार, षटकार. नाबाद ६४, ३२ चेंडूंत. पण तो सामना सातव्या आणि आठव्या क्रमांकांतला होता. झाम्पा सहा बळी घेऊन हरला आणि धोनी अशक्य वाटणारं षटक जिंकून सातवा आला. यातच त्या हंगामाचं सगळं आलं.

दुसऱ्या वर्षीचा संघ सुधारला तो कप्तान बदलल्यामुळे, असं सर्रास म्हटलं जातं. १९ फेब्रुवारी २०१७ ला धोनीकडून कप्तानपद काढून स्मिथला दिलं गेलं, दुसऱ्या दिवशी लिलाव झाला आणि चर्चा अर्थातच पहिल्या दिवसाची झाली. नावातलं शेवटचं अक्षरही त्याच वर्षी गळलं. सुपरजायंट्सचा सुपरजायंट झाला. या दोन्ही बदलांना फार महत्त्व देण्याचं कारण नाही. खरी गोष्ट दुसऱ्या दिवसाची आहे.

पीटरसन, ईशांत, इरफान, मुरुगन अश्विन यांना सोडून दिल्यावर पुण्याकडे साडेसतरा कोटी होते. त्यातले साडेचौदा एकट्या बेन स्टोक्सवर गेले. परदेशी खेळाडूसाठी तोवर कुणीच इतके मोजले नव्हते. उरले तीन कोटी, आणि संघाची अर्धी खोली अजून रिकामी. मग जे व्हायचं तेच झालं: महिनाअखेरीस गृहिणी बाजारात जाते तशी खरेदी झाली. डॅन ख्रिश्चन १ कोटी. मनोज तिवारी ५० लाख. लॉकी फर्ग्युसन ५० लाख. जयदेव उनाडकट ३० लाख. राहुल त्रिपाठी १० लाख. लिलावात कुणीच न घेतलेला इम्रान ताहीर, मार्श पुन्हा जायबंदी झाल्यावर बदली म्हणून ५० लाखांत आला. हर्नियामुळे रविचंद्रन अश्विन हंगामाबाहेर गेला आणि त्याच्या जागी सतरा वर्षांचा वॉशिंग्टन सुंदर आला. आदल्या वर्षी २७ कोटींना जे जमलं नव्हतं ते या चिल्लर खरेदीनं केलं. मोठ्या रकमेनं नावं विकत घेतली जातात. रक्कम थोडी असली की कुठल्या षटकाला कोण लागेल हे पाहून माणूस निवडावा लागतो. हे शहाणपण पुण्याला सुचलं की त्याच्यावर लादलं गेलं, याबद्दल मतभेद असू शकतात. मला ते लादलेलंच वाटतं.

उनाडकटचंच घ्या. तेव्हा त्याचा वेग भीती वाटावी असा नव्हता आणि नव्या चेंडूवर त्याला कुणी घाबरत नव्हतं. त्याच्याकडे दोन हळू चेंडू होते. पहिला कटर: बोटं चेंडूवरून बाजूला घासत सोडायचा. त्याच्यासारखा डावखुरा गोलंदाज ओव्हर द विकेट टाकत असेल तर हा चेंडू टप्पा पडल्यावर उजव्या फलंदाजापासून बाहेर जातो, अगदी डावखुऱ्या फिरकीसारखा. दुसरा हाताच्या पाठीकडून सुटणारा. तो उलट आत येतो आणि हवेत आणखी मंद होतो. दोन्हींसाठी हात त्याच वेगानं फिरतो, म्हणून फलंदाज बॅट वेळेआधी आणतो. शेवटच्या षटकांत त्याला चेंडू लेगला ओढायचा असतो. चेंडू उशिरा येतो, बाहेर वळतो, बॅटच्या वरच्या भागाला किंवा कडेला लागतो आणि लांब जाण्याऐवजी उंच जातो. यात एकच काळजी घ्यायची: टप्पा थोडा आखूड ठेवायचा. हाच चेंडू पुढे पडला की बॅटखाली सुरेख येतो आणि स्टँडमध्ये जातो. खेळपट्टीही चेंडूला थोडी पकडणारी हवी. टणक आणि गुळगुळीत असली की कटर हा फक्त एक हळू चेंडू उरतो.

६ मे, हैदराबाद. पुण्याच्या १४८ धावा, हैदराबादला शेवटच्या षटकात १३ हव्यात. युवराज ४७ वर उनाडकटच्याच गोलंदाजीवर परतला होता. त्या षटकात बिपुल शर्मा, रशीद खान आणि भुवनेश्वर लागोपाठच्या तीन चेंडूंवर बाद झाले. रशीदचा झेल उनाडकटनं स्वतःच घेतला. बाकीच्या तीन चेंडूंवर एकही धाव नाही. विसावं षटक, तेरा धावांची गरज, आणि ते निर्धाव! हॅटट्रिकचं कौतुक झालं, ते व्हायलाच हवं होतं, पण त्या षटकातली खरी दुर्मीळ गोष्ट तो शून्य आहे. हंगामात १२ सामन्यांत २४ बळी. त्याच्यापुढे फक्त भुवनेश्वर, २६ बळींचा.

त्रिपाठीचं काम याच्या बरोबर उलट होतं. पहिल्या सहा षटकांत वर्तुळाबाहेर दोनच क्षेत्ररक्षक असतात, तेवढ्या वेळात चेंडू त्यांच्या डोक्यावरून मारायचा. महाराष्ट्राकडून रणजी खेळणारा हा मुलगा दहा लाखांत आला, हंगामात ३९१ धावा करून गेला आणि ईडन गार्डन्सवर त्यानं ५२ चेंडूंत ९३ मारल्या. त्याचा फायदा रहाणे आणि स्मिथला झाला. दोघेही मुळात जमिनीलगत खेळणारे. पहिल्या चेंडूपासून सुटण्याचं ओझं त्यांच्यावरून उतरलं. नाही म्हणायला पुण्याच्या संघात पुण्याकडचा म्हणावा असा हाच. कोथरूडचा केदार जाधव त्या दोन वर्षांत बंगळुरूकडून खेळत होता.

स्टोक्सचे साडेचौदा कोटी मात्र वाया गेले असं कुणी म्हणू नये. १ मे रोजी गहुंज्यात गुजरातविरुद्ध १६२ चा पाठलाग करताना पुणं ३ बाद १० होतं, मग ४ बाद ४२. स्टोक्सनं ६३ चेंडूंत नाबाद १०३ केल्या. शेवटी पायात गोळे येत होते, पळणं मुश्कील झालं होतं. दोन्ही राज्यांचा स्थापनादिन, समोर गुजरात, आणि महाराष्ट्राची लाज एका इंग्रजानं राखली. हंगामात ३१६ धावा आणि १२ बळी. पण त्याच्या किमतीत एक अट लपलेली होती: इंग्लंडचं बोलावणं आलं की तो जाणार. साखळी संपताच तो गेला आणि १८ बळी घेतलेला ताहीरही गेला. बाद फेरीला पुणं या दोघांशिवाय उतरलं.

तिथं सुंदर कामी आला. उंच, ऑफस्पिन, पण चेंडू फारसा वळवण्याच्या भानगडीत न पडणारा. पॉवरप्लेमध्ये, म्हणजे त्या पहिल्या सहा षटकांत, फिरकी गोलंदाज मार खातो तो बहुधा फलंदाजाला हात मोकळे करायला जागा दिल्यामुळे. सुंदर चपटा, स्टंपांच्या रेषेत, जरा आखूड टाकत राहिला. कट करायला रुंदी नाही आणि पुढे येऊन मारायला उंची नाही. वानखेडेवरच्या पहिल्या क्वालिफायरमध्ये रोहित, रायुडू आणि पोलार्ड, तिघे त्याचे बळी, १६ धावांत ३. त्याआधी पुण्याचा डाव अठरा षटकांत १२१ वर रखडला होता. शेवटच्या दोन षटकांत धोनी आणि तिवारीनं ४१ काढल्या आणि त्या २० धावांच्या विजयाला पुरून उरल्या. मुंबईला त्या हंगामात पुण्यानं तिसऱ्यांदा हरवलं.

चौथा सामना अंतिम होता. २१ मे, हैदराबाद. मुंबई ७ बाद ७९ वरून कृणाल पंड्याच्या ४७ धावांमुळे १२९ पर्यंत पोहोचली. १३० चं लक्ष्य. रहाणे ४४ करून बाराव्या षटकात बाद झाला तेव्हा पुण्याच्या ७१ झाल्या होत्या. आठ षटकं, ५९ धावा, हातात आठ गडी. सामना हरला तो इथून पुढच्या चार-पाच षटकांत, शेवटच्या षटकात नव्हे. गडी राखून ठेवायचे आणि हिशेब शेवटी चुकता करायचा, ही धोनीची जुनी रीत. पण चेंडू बॅटवर येत नसेल तर शेवटच्या षटकांतला षटकार स्वस्तात मिळत नाही. त्याऐवजी मधल्या काळात षटकामागे एकच धाव जास्त निघाली असती तरी काम झालं असतं. धोनी १३ चेंडूंत १० करून बुमराच्या गोलंदाजीवर यष्टीमागे झेल देऊन गेला. स्मिथनं ५१ धावांना पन्नास चेंडू घेतले. उरलेल्या तीन कोटींतली माणसं मोठी षटकं उत्तम टाकत होती आणि मोठे फटके मारत होती, पण मधल्या षटकांत एकेक धाव चोरणारा फलंदाज या संघात नव्हता. अंतिम सामन्यात नेमकी तीच उणीव उघडी पडली.

शेवटचं षटक मिचेल जॉन्सनचं, ११ हव्यात. पहिल्या चेंडूवर तिवारीचा चौकार. पाच चेंडूंत सात, हे कुठल्याही गल्लीत निघतं. दुसरा चेंडू तिवारीनं उंच मारला, लाँगऑनला पोलार्ड. तिसरा स्मिथनं कव्हरवरून उचलला, सीमारेषेवर रायुडू. दोन चेंडूंत दोन गडी, दोघेही जमलेले. सातच्या सात तशाच, चेंडू तीन, आणि समोर नवे दोघे. चौथ्यावर सुंदरनं एक बाय पळून काढली. पाचव्यावर ख्रिश्चनला दोन. शेवटच्या चेंडूवर चार हव्यात, तीन झाल्या तर बरोबरी आणि सुपर ओव्हर. ख्रिश्चननं लेगला मारला, दोन धावा पूर्ण केल्या, तिसरीसाठी वळला आणि धावबाद झाला. १२८. त्या सामन्यात सुंदरनं चार षटकांत १३ धावा दिल्या होत्या आणि उनाडकटनं १९ धावांत दोन बळी घेतले होते. गोलंदाजांनी आपला वाटा पुरा केला होता.

त्यानंतर संघ नव्हताच. जानेवारी २०१८ च्या लिलावात तीस लाखांचा उनाडकट साडेअकरा कोटींना राजस्थानकडे गेला आणि त्या हंगामात ११ बळींवर थांबला. एव्हाना फलंदाज त्याच्या हळू चेंडूंची वाट पाहत उभे राहू लागले होते. त्रिपाठी दहा लाखांवरून ३ कोटी ४० लाखांवर पोहोचला, सुंदर बंगळुरूला ३ कोटी २० लाखांत. गोएंकांनी पुढे २०२१ मध्ये लखनौचा संघ ७,०९० कोटींना घेतला आणि सुपर जायंट्स हे नाव तिकडे नेलं.

गहुंज्याचं मैदान त्या २०१८ च्या उन्हाळ्यात रिकामंच राहायचं. पण कावेरीच्या पाण्यावरून चेन्नईत आंदोलन पेटलं आणि तिथले सामने हलवावे लागले. दोन वर्षांपूर्वी पाण्यामुळे इथून एक संघ गेला होता, आता पाण्यामुळेच दुसरा आला. २० एप्रिलला पहिला सामना झाला, चेन्नई विरुद्ध राजस्थान. एका बाजूला धोनी, शार्दूल ठाकूर, दीपक चहर आणि प्रशिक्षक म्हणून पुण्याच्या संघाचेच जुने प्रशिक्षक स्टीफन फ्लेमिंग. दुसऱ्या बाजूला कप्तान रहाणे, स्टोक्स, त्रिपाठी, उनाडकट. अर्धे पिवळ्या कपड्यांत, अर्धे निळ्या. शेन वॉटसननं १०६ धावा केल्या आणि यजमान म्हणून मिरवणारी चेन्नई ६४ धावांनी जिंकली.